वास्तुपुरुष, गॉब्लिन आणि एक जुनी कॅसेट

'लॅबिरिंथ' हा सिनेमा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय, मला कल्पना नाही. माझ्या वयाच्या, भारतात वाढलेल्या बऱ्याच जणांच्या हातून तो सुटला असणार. १९८६ सालचा. दिग्दर्शक जिम हेन्सन, म्हणजे मपेट्सवाला, कर्मिट बेडकाला हात आणि आवाज देणारा. निर्मितीत 'स्टार वॉर्स'वाला जॉर्ज लुकास. पटकथेवर नाव 'मॉन्टी पायथन'च्या टेरी जोन्सचं. गॉब्लिनांचा राजा झालाय गायक डेव्हिड बोवी, आणि गाणीही त्याचीच. नायिका जेनिफर कॉनेली, चित्रीकरणाच्या वेळी चौदा वर्षांची. बाकी पडद्यावर जवळजवळ सगळे बाहुले.

एवढी मातब्बर मंडळी जमूनही सिनेमा सपशेल पडला. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर, आणि अमेरिकेतली कमाई जेमतेम सव्वा कोटीच्या आसपास. हेन्सनने त्यानंतर मोठ्या पडद्यासाठी दुसरा सिनेमा दिग्दर्शित केलाच नाही. १९९०च्या मे महिन्यात, वयाच्या ५३व्या वर्षी तो गेला.

आणि तरीही हा सिनेमा आज जिवंत आहे. आधी व्हीएचएस कॅसेट, मग डीव्हीडी, २००९ साली ब्लू-रे, २०२१ साली आणखी चकचकीत फोर-के प्रत. थिएटरात ज्याच्याकडे लोकांनी पाठ फिरवली, तो घराघरांत नांदला. असं का झालं, याचं नेहमीचं उत्तर असतं 'नॉस्टॅल्जिया'. म्हणजे लहानपणी पाहिलं म्हणून आवडतं. मला हे उत्तर पटत नाही. लहानपणी मी काय कमी गोष्टी पाहिल्या? त्यातल्या बहुतेक आज पाच मिनिटं बघवत नाहीत. माझं मत असं, की हा सिनेमा मुळातच एका संध्याकाळी, तिकीट काढून, एकदा बघायचा नव्हता. तो घरात असायला हवा होता. पुन्हापुन्हा लावता यायला हवा होता. कॅसेटने त्याला त्याची खरी जागा मिळवून दिली.

आता हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगते. त्यासाठी आधी गोष्ट सांगायला हवी.

सारा नावाची मुलगी. स्वतःच्या खोलीत, पुस्तकांत, नाटकांत रमलेली. घरात वडील, सावत्र आई आणि टोबी नावाचा तान्हा सावत्र भाऊ. आईवडील संध्याकाळी बाहेर जाणार, म्हणून भावाला सांभाळायची पाळी तिची. बाहेर विजा चमकतायत, भाऊ रडून रडून घर डोक्यावर घेतोय, वर तिचं लाडकं अस्वल, लॅन्सलॉट, कुणीतरी त्याला खेळायला दिलेलं. ती चिडते आणि म्हणून टाकते, की गॉब्लिनांनी येऊन ह्या पोराला घेऊन जावं, आत्ताच्या आत्ता. आणि ते येतात. घेऊन जातात. पाळणा रिकामा.

मग त्यांचा राजा जॅरेथ हजर होतो. भाऊ परत हवा असेल तर तेरा तासांत भूलभुलैया ओलांडून किल्ल्यापर्यंत ये, नाहीतर पोरगं कायमचं गॉब्लिन होईल, असं सांगतो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे तो भूलभुलैया.

आमच्याकडे ही कॅसेट आली २००३ साली, इथे न्यू जर्सीत, शेजारच्या गल्लीतल्या एका गराज सेलमध्ये, एक डॉलरला. लेक सहा वर्षांची होती आणि धाकटा नुकताच जन्मला होता. बाळंतपणासाठी माझी आई मिरजेहून आली होती. घरात दिवसरात्र एकच वाक्य चालू असायचं, "तू आता ताई झालीस ना?" ताई झालीस ना, मग हळू बोल. ताई झालीस ना, मग ते त्याला दे. ताई झालीस ना, मग तू नको बाई रडू.

लेकीने ती कॅसेट पहिल्यांदा पाहिली ती बाहुल्यांसाठी. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभराने एका संध्याकाळी ती पाळण्यापाशी उभी राहून, खिडकीकडे बघत, शांतपणे गॉब्लिनांना हाक मारत होती. इंग्रजीत, अगदी साराच्या आवाजात. म्हणजे हावभावांसकट!

आईला इंग्रजी कळत नव्हतं, पण सूर बरोब्बर कळला. मला विचारून तिने अर्थ लावून घेतला आणि लेकीला जवळ ओढून म्हणाली, "अगं, तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नये. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो."

मंडळी, हेन्सनचा सगळा सिनेमा या एका वाक्यात आहे. :)

आपल्याकडे लहानपणापासून हे ऐकलेलं असतं. घराला कान असतात, आणि भलतंसलतं बोललं तर घर 'तथास्तु' म्हणतं. त्यामुळे आपण बोलायचं टाळायला शिकतो. मी घरातली थोरली. माझ्यात आणि धाकट्या भावात नऊ वर्षांचं अंतर. त्याला कडेवर घेऊन मी पाणी भरलंय, वाण्याकडे गेलेय, मैत्रिणींची लगोरी कट्ट्यावर बसून पाहिलेय. (तो हे वाचेलच. वाच बाबा, तू जड होतास.) पण "हा नकोच होता" असं मी तोंडातून एकदाही काढलं नाही. मनात मात्र ते पुष्कळ वेळा आलं, आणि प्रत्येक वेळी मी घाबरून छताकडे बघितलं, तथास्तु झालं की काय म्हणून.

'लॅबिरिंथ'मध्ये नेमकी हीच भीती खरी होते. मुलगी बोलते आणि घर तथास्तु म्हणतं. पण सिनेमा तिथे थांबत नाही, आणि "बघ, वाईट बोललीस ना, आता भोग" असंही म्हणत नाही. तो म्हणतो, बरं, बोललीस. आता तेरा तास आहेत. जा, घेऊन ये त्याला. चूल पेटलीय, हात भाजलाय, तरी संध्याकाळच्या आत सगळं निस्तरता येईल, असा काहीसा हा दिलासा आहे.

आणि हा दिलासा एकदा देऊन पुरत नाही, हा माझा मुद्दा. कारण धाकट्याचा राग एकदाच येत नाही. तो रोज संध्याकाळी येतो. मोठ्या माणसाला थिएटरात एकदा पाहून "छान होता, थोडा लांबला" असं म्हणून घरी जाता येतं. सहा वर्षांच्या ताईला मात्र रोज ते बोलून टाकायचं असतं, रोज त्याला हरवायचं असतं आणि रोज स्वतः जाऊन परत आणायचं असतं. त्यासाठी कॅसेट लागते. आणि रिवाइंडचं बटण.

लेकीला त्या संध्याकाळनंतर मी कॅसेट बंद करायला सांगितलं नाही. आई दोन दिवस माझ्यावर रुसली, पण तिसऱ्या दिवशी तीही नातीबरोबर सोफ्यावर बसली. शेवटी शेवटी तिला एक पात्र फार आवडलं. सारा कचऱ्याच्या डोंगरांत पोचते, तिथे एक म्हातारी भेटते. पाठीवर सगळा संसार लादलेला, भांडीकुंडी, चिंध्या. आई म्हणाली, "ही तर बोहारीणच की गं!" आमच्याकडे ती तेव्हापासून बोहारीणच.

ही बोहारीण साराला फसवून तिच्याच खोलीच्या हुबेहूब नकलेत नेते आणि तिच्या अंगावर एकेक खेळणं लादत जाते. हे घे, हे तुझं आवडतं ना, हेही घे. लादता लादता साराही तिच्यासारखीच ओझ्याखाली वाकायला लागते. मग तिला आठवतं की आपण भावाला आणायला निघालो होतो, आणि ती सगळं झुगारून उठते. मोठं होणं म्हणजे काय, यावर मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. त्या पाच मिनिटांपेक्षा जास्त काही त्यांतून मिळाल्याचं आठवत नाही.

दुसरं कारण बाहुल्यांचं. आजच्या मुलांना संगणकावरची चित्रं इतकी सराईत झाली आहेत, की त्यांना या सिनेमातले बाहुले जुनाट वाटतील असं मला वाटलं होतं. पण पाहुण्यांची पोरं येतात तेव्हा उलटंच दिसतं. पडद्याला नाक लावून बघतात. कारण ती वस्तू तिथे खरोखर होती. तिच्यावर खरा उजेड पडलाय. साराचा हात तिच्या खांद्यावर पडतो तेव्हा खरंच कशावर तरी पडतो.

हॉगल नावाचा बुटका, कुरकुऱ्या, भित्रा वाटाड्या घ्या. त्या पोशाखाच्या आत शारी वायझर नावाची ठेंगणी अभिनेत्री होती. चेहरा मात्र बाहेरून चालायचा. जिम हेन्सनचा मुलगा ब्रायन आणि आणखी तिघं, असे चार जण दूरनियंत्रणाने त्याच्या भुवया, डोळे, ओठ हलवायचे. आवाज ब्रायनचा. चेहऱ्यात अठराएक मोटरी. म्हणजे एका हॉगलला 'हं' म्हणायला पाच माणसं लागायची आणि पाचांचं मन एक व्हावं लागायचं.

लुडो नावाचा तो अवाढव्य, केसाळ, भोळा प्राणी इतका जड होता की आत दोन माणसं आळीपाळीने शिरायची. त्यातला एक रॉन म्यूएक. तोच पुढे शिल्पकार म्हणून जगभर नावाजला गेला. आणि जॅरेथच्या बोटांवरून काचेचे गोळे पाण्यासारखे वाहतात ना, ते बोवीचे हातच नव्हेत. मायकेल मॉशेन नावाचा कसबी बोवीच्या मागे दडून, स्वतःचा हात पुढे काढून, समोरचं काहीही न दिसता ते गोळे खेळवत होता.

हे सगळं कळल्यावर मजा कमी होईल असं वाटतं, पण होत नाही. आपल्याकडे कळसूत्री बाहुल्यांचे दोरे दिसत असतातच की. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी ते कधी लपवले नाहीत. 'झपाटलेला'तला तात्या विंचू हा रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला आहे, हे १९९३ साली पोराटोरांनाही माहीत होतं. म्हणून कुणी घाबरायचं राहिलं का? बाहुलीत जीव आहे असं मानायचं की नाही, हे बघणाऱ्याने ठरवायचं असतं. मुलं ते रोज भातुकलीत ठरवतच असतात. म्हणून बाहुल्यांचा सिनेमा त्यांना परका वाटत नाही.

तिसरी गोष्ट पॉज बटणाची. सिनेमाच्या सुरुवातीला कॅमेरा साराच्या खोलीतून फिरतो. पहिल्यांदा बघताना आपण म्हणतो, बरं, मुलीची खोली आहे. पण पाचव्या-सहाव्या खेपेला लेक ओरडली, "आई, थांबव थांबव!" तिथे सगळा सिनेमा आधीच मांडून ठेवलेला आहे. हॉगलसारखा बुटका, लुडोसारखा केसाळ खेळण्यातला प्राणी, जॅरेथसारखी मूर्ती, पांढऱ्या झग्यातल्या बाहुलीची संगीत-पेटी, भूलभुलैयाचा खेळ. भिंतीवर एशरचं ते उलटसुलट जिन्यांचं चित्र, आणि शेवटी सारा अशाच जिन्यांवर भावाला शोधत धावते. मॉरिस सेंडॅकची पुस्तकं दिसतात, आणि शेवटच्या नामावळीत हेन्सनने त्याचं ऋणही मानलंय.

म्हणजे गॉब्लिनांचं राज्य कुठे दूर नव्हतंच. ते त्याच खोलीतलं होतं. हे कळायला खेळ पुन्हा पाहावा लागतो आणि चित्र थांबवावं लागतं. १९८६च्या थिएटरात हे कुणाला जमणार होतं? घरी मात्र त्याचा खेळच झाला. भूलभुलैयाच्या दगडांत जॅरेथचा चेहरा कुठे कुठे लपलाय, ते शोधायचं. गॉब्लिनांच्या किल्ल्याच्या दाराशी दुधाच्या दोन बाटल्या ठेवल्यात, त्या दाखवायच्या. (राक्षस झाला तरी सकाळी चहाला दूध लागणारच.)

आता दुसरी बाजू. हा सिनेमा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मधला भाग एकामागून एक प्रसंग जोडल्यासारखा आहे, एखादा काढला तरी अडणार नाही. डोकी काढून फेकणाऱ्या त्या लाल प्राण्यांचं गाणं मला आजही पळवावंसं वाटतं. आणि तो नाचाचा प्रसंग. पंधरा-सोळा वर्षांची सारा, मुखवटे घातलेली मोठी माणसं, आणि तिला भुरळ घालणारा अडतिशीतला बोवी. आई म्हणून मला तिथे अस्वस्थ व्हायला होतं. काही जण म्हणतात, हा भाग मुलांना दाखवूच नये. मी म्हणते दाखवा, पण शेजारी बसून. कारण सारा तिथून काचेचा आरसा फोडून स्वतः बाहेर पडते. आणि शेवटी जॅरेथ तिला सगळं काही देऊ करतो, फक्त माझं ऐक म्हणतो, तेव्हा ती त्याला सांगते की तुझी सत्ता माझ्यावर चालत नाही. तेच वाक्य तिला सुरुवातीपासून पाठ होत नसतं. लेक मोठी झाल्यावर, वेगळ्या संदर्भात, हे वाक्य तिला उपयोगी पडावं अशी माझी फार इच्छा होती. पडलंय, एवढंच सांगते.

माझ्या भावाचा आक्षेप वेगळा आहे. तो म्हणतो, "ताई, पोरं काहीही शंभर वेळा बघतात. माझा मुलगा जाहिराती शंभर वेळा बघायचा. त्यावरून सिनेमा चांगला ठरतो का?" मुद्दा बिनतोड आहे. पण माझी कसोटी वेगळी. शंभराव्या खेपेला शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला काही नवं मिळतं का? आमच्या घरात सहा वर्षांच्या मुलीला राग बोलून टाकायची जागा मिळाली, मला माझ्या कडेवरच्या ओझ्याची आठवण मिळाली, आणि सत्तरीच्या आईला बोहारीण मिळाली. एकाच कॅसेटमधून. जाहिरातीचं असं काही होत नाही.

बाहुल्या मात्र टिकत नाहीत बरं. फोम आणि रबर काही वर्षांत विरतं, भेगाळतं. त्या हॉगलचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. तो प्रवासात सामानाबरोबर हरवला आणि अलाबामातल्या स्कॉट्सबरो गावी, बेवारस सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन पोचला. तेव्हा त्याची दुर्दशा झाली होती. मग कुणा जाणकाराकडून त्याला डागडुजी करून घेतली, आणि तो तिथे प्रदर्शनात बसला. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ साली ते थांबवलं. आमची कॅसेट अजून आहे, पण वाजवायला यंत्र नाही. नवरा दर वर्षी विचारतो, टाकू का? मी दर वर्षी म्हणते, नको. सिनेमा डीव्हीडीवर आहे. कॅसेटवर लेकीच्या बोटांचे ठसे आहेत.

तर माझं म्हणणं एवढंच. घरात लहान भावंड येणार असेल, तर थोरल्यासाठी नवीन सायकल-बियकल आणा, जरूर आणा. पण सोबत एखादी अशी गोष्ट आणून ठेवा, जिच्यात त्याचा राग वाईट ठरत नाही. 'लॅबिरिंथ'च हवा असं नाही. पण तो घरी असू द्या, म्हणजे मुलाला हवा तेव्हा, हवा तितक्यांदा लावता येईल. आज आहे आणि पुढच्या महिन्यात यादीतून गायब, अशा ठिकाणी नको. आणि एकदा बघून "झाला ना बघून?" असं विचारू नका.

जाता जाता एक. सिनेमातला तो रडका टोबी म्हणजे चित्रकार ब्रायन फ्राउडचा मुलगा. सिनेमातल्या सगळ्या गॉब्लिनांचं रूप ज्याने कल्पिलं, तो हा फ्राउड. त्याची आई वेंडी, तीही बाहुल्या घडवणारी. गॉब्लिनांनी पळवलेलं ते पोर पुढे मोठं झालं आणि स्वतःच बाहुल्या घडवू लागलं. २०१९ साली हेन्सनच्याच 'द डार्क क्रिस्टल'वरून नवी मालिका निघाली, तिच्या बाहुल्यांच्या कामात तो होता.

आणि सिनेमाच्या शेवटी, घरी परतल्यावर, सारा काय करते? ते अस्वल, लॅन्सलॉट, ज्याच्यावरून सगळं रामायण झालं, ते ती स्वतःहून टोबीच्या पाळण्यात ठेवते. कुणी "तू मोठी ना?" म्हणत नाही. घरात तेव्हा कुणी नसतंच.